पीलचं खोरं: एका आराखड्याची पंधरा वर्षं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून बारीक अक्षरांत एक जाहीर सूचना येते. प्रारूप विकास आराखडा तयार आहे, नकाशा अमुक कार्यालयात पाहायला मिळेल, हरकती आणि सूचना मुदतीत लेखी कळवाव्यात. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलंय तो धावत जातो, बाकीचे पान उलटतात. बहुतेकांचा समज असा की हा सोपस्कार आहे. ठरायचं ते आधीच ठरलंय, आणि बदलायचंच झालं तर ते शेवटच्या घटकेला वरच्या पातळीवर बदलेल.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथे एका आराखड्यावरून नेमका हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सगळ्यांनी मिळून, वर्षानुवर्षं चर्चा करून तयार केलेला आराखडा सरकारला शेवटच्या पायरीवर बाजूला सारून त्या जागी स्वतःचा आणता येतो का? 1 डिसेंबर 2017 रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, येत नाही. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. पण तो नीट कळायचा असेल तर आधी ती जमीन, तिथली जनावरं आणि तिथल्या लोकांनी केलेला एक करार समजून घ्यावा लागतो.

पील ही मॅकेन्झी नदीची उपनदी. युकॉनच्या डोंगरांत उगम पावते, उत्तर-पूर्वेला वळते आणि मॅकेन्झीला मिळून आर्क्टिक महासागरात जाते. ओगिल्वी, ब्लॅकस्टोन, हार्ट, विंड, बॉनेट प्लूम आणि स्नेक या सहा नद्या तिला येऊन मिळतात. आराखडा झाला तो या खोऱ्याच्या युकॉनमधल्या भागाचा. क्षेत्रफळ सुमारे 67 हजार चौरस किलोमीटर. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची बेरीज याहून थोडी कमी भरते. एवढ्या भूभागात कायम वस्तीचं एकही गाव नाही. पश्चिमेच्या कडेने डेम्पस्टर हायवे जातो, तोही बराचसा खडीचा. बाकी सगळीकडे जायचं तर तळ्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, कनूने, पायी, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून. आख्ख्या युकॉनची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 40,232 होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

मग जिथे माणूसच राहत नाही तिथे आराखडा कशाला हवा? जमीन आहे तशी पडून राहू द्यावी, असं वाटणं साहजिक आहे. पण जमीन आपोआप ‘आहे तशी’ राहत नाही, कारण तिच्यावर एक जुना कायदा आधीपासून लागू असतो. युकॉनमध्ये खनिजांसाठी ‘फ्री एंट्री’ची पद्धत आहे. जी जमीन स्पष्टपणे वगळलेली नाही ती क्लेम करायला खुली. क्लेम कसा होतो ते बघा. शोधणारा माणूस रानात जातो, लाकडाचे दोन खुंट ठरलेल्या अंतरावर रोवतो, त्यांवर नाव, तारीख आणि क्लेमचा तपशील असलेली पट्टी लावतो आणि खाण नोंदणी कार्यालयात जाऊन नोंद करतो. खडकातल्या खनिजाचा एक क्लेम 1,500 फूट गुणिले 1,500 फुटांचा असतो, साधारण 52 एकरांचा. या 52 एकरांखालच्या खनिजावर त्याचा हक्क लागला. एकाशेजारी एक असे शेकडो क्लेम लावत जाता येतं. 2004 नंतरच्या काही वर्षांत युरेनियमचे भाव चढले, तेव्हा पीलच्या खोऱ्यात क्लेमची नुसती रीघ लागली आणि आकडा आठ हजारांच्या पुढे गेला. 2010 मध्ये सरकारने नवे क्लेम तात्पुरते थांबवले, पण आधीचे लागलेले होतेच.

तेव्हा आराखडा नसेल तर ती जमीन खाणीसाठी खुली आहे, हे गृहीतच धरलेलं असतं. भू-वापर आराखड्याचं काम हे गृहीतक उघड्यावर आणण्याचं आणि सगळ्यांसमोर ठेवून विचारण्याचं, की कुठे काय चालेल आणि कुठे काय चालणार नाही.

आता लोकांकडे येऊ. खोऱ्यात गाव नसलं तरी ते ओसाड नाही. चार आदिवासी समाज, कॅनडात त्यांना फर्स्ट नेशन म्हणतात, या खोऱ्याला आपलं म्हणतात. मेयो गावाचे ना-चो न्याक डन, डॉसनचे ट्रॉन्डेक ह्वेचिन, ओल्ड क्रोचे वुन्टुट ग्विचिन आणि खाली पीलच्या काठावर फोर्ट मॅकफर्सनला राहणारे टेटलित ग्विचिन. नावंच पाहिली तरी नातं कळतं. ना-चो न्याक डन म्हणजे मोठ्या नदीची माणसं, टेटलित ग्विचिन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाची, उगमाकडची माणसं. फोर्ट मॅकफर्सन शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये येतं, म्हणजे सरकारी नकाशावर ते बाहेरचं गाव. पण वर खाण निघाली आणि पाणी नासलं तर ते पोहोचणार यांच्याच काठाला.

टेटलित ग्विचिनांची जुनी राहणी ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं कुत्र्यांच्या बर्फगाड्यांसह डोंगरात जात आणि कॅरिबू, मूस या मोठ्या हरणांच्या मागावर राहत. उन्हाळ्याच्या तोंडाला नद्या फुटल्या की मूसची कातडी एकमेकांना शिवून, लाकडाच्या सांगाड्यावर ताणून मोठी होडी बनवत. तीत मुलंबाळं, कुत्री, सुकवलेलं मांस भरून पाण्याबरोबर खाली येत. खाली आल्यावर होडी सोडवून कातडी पुन्हा वापरात. अशा प्रवासाच्या वाटा, तळ, थडगी, मासे धरायच्या जागा आणि प्रत्येक ओढ्या-टेकडीची नावं या खोऱ्यात पसरलेली आहेत. सातबाऱ्यावर यातलं काही येत नाही. त्यामुळे बाहेरच्या माणसाला ही ‘रिकामी’ जमीन दिसते.

ही जमीन रिकामी समजण्याची किंमत एकदा सरकारच्या माणसांनीच मोजली आहे. 21 डिसेंबर 1910 रोजी माउंटेड पोलिसांचे चौघे जण फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाले. इन्स्पेक्टर फिट्झगेराल्ड त्यांचा प्रमुख. वाटेत काही दिवस त्यांच्यासोबत इसॉ जॉर्ज नावाचा ग्विचिन वाटाड्या होता. 1 जानेवारीला त्याचे पैसे चुकते करून त्याला परत पाठवलं. पुढे विंड नदीच्या वरच्या भागात त्यांना फॉरेस्ट क्रीक हा एक ओढा सापडेना, जिथून घाट ओलांडायचा होता. सगळे ओढे बर्फाखाली सारखेच. बरेच दिवस शोधून ते मागे फिरले, शिधा संपला, बर्फगाडीची कुत्री मारून खाल्ली, आणि फोर्ट मॅकफर्सन पंचवीस-पस्तीस मैलांवर असताना चौघेही गेले. मार्चमध्ये कॉर्पोरल डेम्पस्टरच्या शोधपथकाला त्यांचे देह मिळाले. त्या पथकाचा वाटाड्या चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन होता. आज जो हायवे या खोऱ्यातून जातो त्याला डेम्पस्टरचं नाव आहे. वाटाड्याचंही असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. जो ओढा पोलिसांना आठवडाभर सापडला नाही तो ग्विचिन माणसाला नावानिशी ठाऊक होता. आराखड्याच्या भाषेत ज्याला ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणतात ते हे.

आता करार. 14 फेब्रुवारी 1973 रोजी इलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली युकॉनचे फर्स्ट नेशन नेते ओटावाला गेले आणि पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या हातात लेखी निवेदन दिलं. आमच्या जमिनीबद्दल आमच्याशी कधी करारच झाला नाही, तो करा, ही मागणी. दोनच आठवडे आधी सर्वोच्च न्यायालयाने काल्डर खटल्यात आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क कायद्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे हे मान्य केलं होतं, म्हणून सरकारला दार उघडावं लागलं. त्या खटल्यात निस्गा समाजाचे वकील होते थॉमस बर्गर. हे नाव लक्षात ठेवा.

बोलणी वीस वर्षं चालली. 1993 मध्ये युकॉनसाठी एकछत्री अंतिम करार झाला आणि त्याच्या आधाराने एकेका फर्स्ट नेशनचा स्वतंत्र करार. देवाणघेवाण काय झाली हे समजलं की पुढचं सगळं समजतं. युकॉनमधल्या फर्स्ट नेशनांना मिळून मालकीची जमीन मिळाली सगळ्या प्रदेशाच्या 9 टक्क्यांहून थोडी कमी. उरलेल्या प्रचंड भूभागावरचा मूळ दावा त्यांनी सोडला. पीलच्या खोऱ्यात तर त्यांच्या मालकीची जमीन जेमतेम 2.7 टक्के आहे, 97.3 टक्के सार्वजनिक. एवढं सोडून बदल्यात काय घेतलं? त्या सोडलेल्या जमिनीचं पुढे काय करायचं हे ठरवताना आम्हाला बसवून घ्याल, हे वचन. कराराचं अकरावं प्रकरण भू-वापर आराखड्याचं आहे आणि ते वचन त्यात पायरी-पायरीने लिहिलेलं आहे.

‘सल्लामसलत’ या शब्दाची व्याख्याही करारात दिली आहे. ज्याच्याशी सल्लामसलत करायची त्याला विषयाची पुरेशी सविस्तर माहिती द्यायची, आपलं मत तयार करायला रास्त वेळ द्यायचा, ते मांडायची संधी द्यायची आणि मांडलेल्या मताचा पूर्ण, निष्पक्ष विचार करायचा. चार गोष्टी, चारही बंधनकारक. आपल्याकडे जनसुनावणीत मंडपात बसून आलेल्या कोणालाही यातल्या प्रत्येक शब्दाचं मोल कळेल.

पायऱ्या अशा. सरकार आणि फर्स्ट नेशन मिळून एक आयोग नेमतात. आयोग अभ्यास करून, लोकांना भेटून शिफारस केलेला आराखडा देतो. सार्वजनिक जमिनीपुरतं सरकार, लोकांशी सल्लामसलत करून, तो मान्य करू शकतं, फेटाळू शकतं किंवा बदल सुचवू शकतं. पण फेटाळायचं किंवा बदलायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात. त्यावर आयोग फेरविचार करून अंतिम शिफारस देतो. मग पुन्हा सल्लामसलत, आणि सरकारचा शेवटचा निर्णय: मान्य, अमान्य किंवा बदलून मान्य. सगळा खटला या शेवटच्या ‘बदलून’ शब्दावर झाला.

पीलचा सहा जणांचा आयोग 2004 मध्ये बसला आणि पाच वर्षं काम करत राहिला. असा आयोग करतो काय? एकावर एक नकाशे ठेवतो. एका नकाशावर कॅरिबू हिवाळा कुठे काढतात, दुसऱ्यावर पिल्लं कुठे घालतात, तिसऱ्यावर डोंगरी मेंढ्या मीठ चाटायला कुठे येतात, ससाण्यांचे कडे, पाणथळी, माशांची अंडी घालायची ठिकाणं. मग ग्विचिनांच्या आणि ना-चो न्याक डनांच्या वाटा, तळ, नावं. मग खनिजांचे पट्टे, कोळसा, तेल आणि वायूची शक्यता, स्नेक नदीजवळचा लोहखनिजाचा अवाढव्य साठा, जो 1960 च्या दशकापासून माहीत आहे पण बंदर आणि रेल्वे फार लांब म्हणून तसाच आहे. मग शिकारी-वाटाडे आणि नद्यांवर कनू घेऊन येणाऱ्या पर्यटकांचा व्यवसाय. सगळे नकाशे एकावर एक ठेवले की कुठे कशाची टक्कर आहे ते दिसतं. त्याप्रमाणे खोऱ्याचे तुकडे पाडून प्रत्येकासाठी वेगळे नियम लिहितात.

यातला कॅरिबूचा भाग थोडा थांबून सांगतो, कारण रस्ता हा एवढा मोठा मुद्दा का होतो ते त्यातून कळतं. कॅरिबू म्हणजे रेनडियरच्याच जातीचं हरीण. हिवाळ्यात त्याचं मुख्य खाणं जमिनीवर वाढणारं लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं ते. खुराने बर्फ उकरून कॅरिबू ते खातो. एकदा वणव्यात जळलं तर पुन्हा खाण्याजोगं व्हायला दशकं लागतात, इतकं ते सावकाश वाढतं. म्हणून कॅरिबूला नुसती जागा पुरत नाही, जुनं, न मोडलेलं रान मोठ्या प्रमाणावर लागतं. अलास्का आणि युकॉन या दोन्हीकडे फिरणाऱ्या पोर्क्युपाइन कळपात 2017 च्या मोजणीत दोन लाखांहून जास्त जनावरं होती. हा कळप काही हिवाळे पीलच्या खोऱ्यात काढतो. शिवाय हार्ट नदी आणि बॉनेट प्लूमचे स्वतंत्र डोंगरी कळप आहेत, आणि सखल जंगलात बोरियल कॅरिबू, जे कॅनडाभर संकटात आहेत.

या जंगलात सरळ रेषेत वाट पाडली की काय होतं? तेल शोधणारे भूकंपलहरींच्या चाचणीसाठी मैलोन् मैल सरळ पट्टे तोडतात. दाट रानात आणि भुसभुशीत बर्फात लांडग्याला चालणं जड जातं. पण पट्टा मिळाला की लांडगा भरभर चालतो, एका रात्रीत जास्त रान पालथं घालतो. जो कॅरिबू गर्द रानात लपून वाचायचा तो सापडतो. पट्ट्याच्या कडेला कोवळा झाडोरा उगवतो, त्यावर मूस येतात, मूसच्या मागे आणखी लांडगे. खाण अजून खणलेलीच नसते, नुसती शोधाशोध झालेली असते, आणि कळप घटायला लागतो. कॅनडाच्या केंद्र सरकारने 2012 मध्ये बोरियल कॅरिबूसाठी जे धोरण आणलं त्यात हे आकड्यांत आहे. रस्ता, पट्टा, खाण यांच्या कडेची 500 मीटर जमीनही बाधित धरायची, गेल्या 40 वर्षांतले वणवे त्यात मिळवायचे, आणि एवढं वजा करून कळपाच्या क्षेत्राचा निदान 65 टक्के भाग अबाधित राहिला तर तो कळप आपल्या बळावर टिकण्याची शक्यता 60 टक्के. 65 टक्के जमीन राखूनही खात्री नाही, नुसती शक्यता.

म्हणून उत्तरेच्या आराखड्यांत ‘इथे खाण चालेल’ एवढंच लिहून भागत नाही. एका चौरस किलोमीटरमागे किती लांबीचे रस्ते-पट्टे असू शकतात आणि एकूण किती टक्के जमीन उकरलेली असू शकते याच्या मर्यादा घालतात. एकट्या-दुकट्या प्रकल्पाचा परिणाम छोटा दिसतो. दहा प्रकल्पांचा मिळून किती, हे कोणीतरी मोजत राहावं लागतं.

डिसेंबर 2009 मध्ये आयोगाने आपला आराखडा दिला. खोऱ्याचा 80 टक्क्यांहून थोडा जास्त भाग राखावा, उरलेल्यात मर्यादा घालून उद्योग चालावेत. आयोगाच्या मांडणीतला एक विचार मला सगळ्यात पटतो. आज राखलेली जमीन उद्याची पिढी हवं तर खुली करू शकेल, पण आज फोडलेलं रान उद्या कोणालाही पुन्हा अखंड करता येणार नाही. खनिज कुठे पळून जात नाही. फर्स्ट नेशनांची मूळ मागणी 100 टक्के राखण्याची होती. त्यांनाही यात माघार घ्यावी लागली, आणि ती त्यांनी घेतली. हे सहसा सांगितलं जात नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये युकॉन सरकारने आयोगाला पाच बदल सुचवले. तीन ठोस होते: जमिनीच्या वर्गवाऱ्या सोप्या करा, अंमलबजावणी कोण करणार ते स्पष्ट करा, दस्तऐवज आटोपशीर करा. आयोगाने ते केलं. उरलेले दोन मोघम होते. संवर्धन आणि विकास यांचा अधिक ‘समतोल’ साधा आणि जाण्यायेण्याच्या वाटांचे पर्याय द्या. किती समतोल, कुठे, कोणता रस्ता, यातलं काही नाही. आयोगाने जुलै 2011 मध्ये अंतिम शिफारस दिली तेव्हा राखीव भाग चार-पंचमांशाच्या आसपासच राहिला: 55 टक्के कायम स्वरूपाचा, बाकीचा पुढे फेरआढावा घेण्याच्या अटीवर.

(त्याच वर्षी, 31 ऑगस्ट 2011 ला, आपल्याकडे पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ समितीने अहवाल दिला. तोही नकाशे एकावर एक ठेवूनच केलेला होता आणि ग्रामसभांपर्यंत जा असं सांगत होता. तो लोकांसमोर यायला मे 2012 उजाडला, तोही माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. 2024 च्या 31 जुलैला पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा निघाला, 56,825 चौरस किलोमीटरचा. पीलच्या खोऱ्यात शेवटी जेवढी जमीन राखली गेली त्याहून हा आकडा अगदी थोडाच जास्त आहे.)

मग सरकारने काय केलं? 2012 मध्ये स्वतःच्या कल्पनेचे नवे नकाशे काढून त्यांच्यावर जनतेचं मत मागायला सुरुवात केली. जानेवारी 2014 मध्ये आयोगाचा आराखडा सोडून स्वतःचा मंजूर केला. त्यात 71 टक्के खोरं खनिजांच्या शोधासाठी खुलं होतं आणि राखीव उरलं 29 टक्के. कराराच्या शब्दांत याला त्यांनी ‘बदलून मान्यता’ म्हटलं.

सरकारची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. जमीन 97 टक्के सार्वजनिक, सरकार लोकांनी निवडून दिलेलं, आयोग नेमलेला. शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचा का नसावा? प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत खाणींचं स्थान मोठं आहे, मेयोसारख्या गावांतले लोकही खाणींत काम करत आले आहेत. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि न्यायालयानेही तो तसा नेला नाही.

ना-चो न्याक डन, ट्रॉन्डेक ह्वेचिन आणि दोन पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या, पुढे वुन्टुट ग्विचिनही सामील झाले. वकील होते थॉमस बर्गर, काल्डर खटल्याचे तेच. 1970 च्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातल्या नियोजित वायूवाहिनीची चौकशी त्यांनीच केली होती आणि गावोगाव जाऊन लोकांच्या जबान्या घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयात पीलची बाजू मांडली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

डिसेंबर 2014 मध्ये युकॉनच्या न्यायालयाने सरकारचा आराखडा रद्द केला. नोव्हेंबर 2015 मध्ये अपील न्यायालयानेही चूक सरकारचीच म्हटली, पण उपाय असा दिला की सरकारने बदल सुचवण्याच्या पायरीवर परत जावं आणि या वेळी नीट सुचवावेत. फर्स्ट नेशनांच्या दृष्टीने हे जिंकून हरणं होतं. ज्याने वेळेवर बोलायचं टाळलं त्यालाच बोलायची दुसरी संधी. म्हणून ते वर गेले.

सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. न्यायमूर्ती काराकात्सानिस यांनी लिहिलेल्या निकालाचा सोप्या भाषेत अर्थ असा. सरकारला अंतिम आराखडा बदलता येतो. पण त्याने आधीच्या पायरीवर जे बदल सुचवले होते त्यांच्यावर आधारलेले, किंवा परिस्थितीच पालटली असेल तर त्यापुरते. आराखड्याचा गाभाच उचलून फेकणारे बदल ‘बदलून मान्यता’ या शब्दांत बसत नाहीत. तसं चाललं असतं तर आधीच्या सगळ्या पायऱ्यांना अर्थच उरला नसता. आणि सरकारने योग्य वेळी आपलं म्हणणं नेटाने मांडलं नाही, त्याचे परिणाम सरकारनेच सोसायचे. मागे जाऊन पुन्हा खेळायची मुभा नाही. सरकारची मंजुरी रद्द झाली आणि प्रकरण अंतिम शिफारशीवर निर्णय घेण्याच्या पायरीवर आलं.

एक बारकावा इथे सुटू नये. न्यायालयाने 80 टक्के राखा असं म्हटलेलं नाही. किती जमीन राखायची हा प्रश्न त्याने हातातच घेतला नाही. त्याने फक्त ठरलेली रीत पाळायला लावली. पण त्या खोऱ्यात नेमकी रीत हीच तर लोकांची कमाई होती. 90 टक्क्यांहून जास्त जमिनीवरचा दावा सोडून त्यांनी ती घेतली होती. ती फुकट गेली असती तर करारात त्यांच्या पदरात काय उरलं असतं?

22 ऑगस्ट 2019 रोजी मेयो गावात युकॉन सरकार, युकॉनमधले तिन्ही फर्स्ट नेशन आणि टेटलित ग्विचिनांच्या वतीने ग्विचिन ट्रायबल कौन्सिल यांनी अंतिम आराखड्यावर सह्या केल्या. 55 टक्के विशेष व्यवस्थापन क्षेत्र, 25 टक्के वन्यक्षेत्र, 3 टक्के खास बोरियल कॅरिबूसाठी राखलेलं वन्यक्षेत्र, मिळून 83 टक्के. म्हणजे सुमारे 56 हजार चौरस किलोमीटर, जवळजवळ हिमाचल प्रदेशाएवढं. उरलेल्या 17 टक्क्यांत मर्यादा सांभाळून उद्योग. राखीव भागात नवे क्लेम नाहीत. जुने लागलेले क्लेम मात्र कायम आहेत, म्हणजे नकाशावर हिरवा रंग दिसला तरी त्यात छोटे छोटे ठिपके आहेत ज्यांच्याखालचं खनिज कोणाच्या तरी नावावर आहे.

करार होऊन तीस वर्षं उलटली तरी 2024 पर्यंत युकॉनमध्ये असे पूर्ण झालेले प्रादेशिक आराखडे दोनच होते, उत्तर युकॉनचा 2009 चा आणि पीलचा. बाकी जी जमीन वगळलेली नव्हती तिच्यावर तीच जुनी फ्री एंट्री. ना-चो न्याक डनांच्याच प्रदेशात, पण पीलच्या खोऱ्याबाहेर, मेयोजवळ एका सोन्याच्या खाणीत जून 2024 मध्ये सायनाइडच्या द्रावणाने भिजवलेल्या खनिजाचा भला मोठा ढीग घसरला आणि द्रावण बाहेर पडलं. त्या भागाला पीलसारखा मंजूर आराखडा नव्हता.

आणि पीलच्या आत 25 टक्के वन्यक्षेत्राचं संरक्षण कायमचं नाही. आराखड्याचा फेरआढावा होईल तेव्हा त्याचा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल. त्या वेळी कोणाला काय बदल हवे आहेत ते पहिल्याच पायरीवर, स्पष्ट शब्दांत आणि लेखी सांगावं लागेल, सरकारलासुद्धा.